जुनं पाकशास्त्र, नवी माणसं: प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

गुरुवारी मराठी भाषा गौरव दिन झाला, त्यानिमित्त मराठी विकिस्रोतावर (जुनी पुस्तकं मोफत वाचायला ठेवणारं विकिपीडियाचं भावंड) एक जुनं पाकशास्त्र आणण्यासाठी घेतलेल्या ऑनलाइन कार्यशाळेतून बरीच मंडळी ग्रुपवर आलीयत आणि आता खरं काम सुरू. कुठलीही कार्यशाळा बघा, २७ फेब्रुवारीला लोक उत्साहाने अकाउंट काढतात, एखादं पान दुरुस्त करतात, आणि पाडव्यापर्यंत ग्रुपवर फक्त सुविचार आणि फॉरवर्ड उरतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हापासून तर 'भाषेसाठी काहीतरी करायचंय' म्हणणारे खूप भेटतात, आणि ते अगदी मनापासून म्हणतात, पण 'काहीतरी'चं पुढे काय करायचं हे त्यांना कोणी नीट सांगत नाही. म्हणून या वेळी नोंदी ठेवतेय. पुस्तक पूर्ण व्हायलाच हवं, पण माणसं कशाने टिकतात हे मला त्याहून जास्त बघायचंय.

पुस्तक म्हणजे एका तालुक्याच्या वाचनालयातलं जुनं पाकशास्त्र, शंभरावर वर्षांपूर्वी छापलेलं, पानांच्या कडा हात लावला की तुटतात. लेखिकेला जाऊन साठ वर्षं कधीच उलटून गेलीत त्यामुळे कॉपीराइटची अडचण नाही (आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात). स्कॅन विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्याच कुटुंबातला फाइलींचा साठा) चढवलंय, मराठी विकिस्रोतावर अनुक्रमणिका पान (पुस्तकाच्या सगळ्या पानांची यादी) केलंय, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवून मजकूर काढलाय.

नवीन लोकांसाठी एकदा लिहून ठेवते. एका बाजूला छापील पानाचं चित्र दिसतं, दुसऱ्या बाजूला ओसीआरने ओळखलेला मजकूर, आपण दोन्ही ताडून चुका काढायच्या. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. ज्याने पिवळं केलं त्याला हिरवं करायचं बटणच दिसत नाही, म्हणजे एकट्या माणसाने कितीही रात्री जागवल्या तरी एक पानसुद्धा पुरं होत नाही, दुसरं कोणीतरी लागतंच. माझा सगळा भरवसा या एका नियमावर आहे.

नोंदींत कोणाचं नाव लिहिणार नाही, गावावरून ओळखू.

९ मार्च

नांदेडची एक कॉलेजची मुलगी आहे, तिने पहिल्याच आठवड्यात दोन पानं केली. इतकी मन लावून केली की सगळे अनुस्वार पुसून टाकले. छापलेलं होतं 'घालावें', 'कांहीं', 'तुपांत', तिने केलं 'घालावे', 'काही', 'तुपात'. १९६२ नंतरच्या शुद्धलेखनाने तिचं बरोबरच आहे, शाळेत हेच शिकवतात. पण विकिस्रोतावर जसं छापलंय तसंच ठेवायचं असतं.

एका जुन्या सदस्याने लगेच विचारलं, उलटवू का, म्हणजे तिचे बदल रद्द करू का? एका क्लिकचं काम आहे. मी म्हटलं थांबा. इंग्रजी विकिपीडियाचं काय झालं ते डोक्यात होतं. तिथे २००७ नंतर सक्रिय संपादकांची संख्या उतरत गेली, आणि संशोधक ॲरन हॅफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याची कारणं मांडली त्यात एक मोठं कारण हेच होतं, चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांची पहिलीवहिली कामंच बॉट (आपोआप बदल करणारे प्रोग्रॅम) आणि झटपट टूल्सनी पटापट उडवली जायला लागली, आणि असे लोक परत फिरकले नाहीत. उडवणाऱ्यांना वाटत होतं आपण दर्जा राखतोय, आणि ते खोटंही नव्हतं, पण पुढे दर्जा राखायला माणसं कुठून आणायची?

मग ठाण्याच्या काकांनी तिला लिहिलं. काका आयुष्यभर छापखान्यात होते, तरुणपणी खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवायचे. त्यांचा मेसेज इथे चिकटवते:

'बेटा, पान फार स्वच्छ केलं आहेस. ओसीआरने सोडलेले तीन काने तू बरोबर पकडलेस. एक विनंती, अनुस्वार पुस्तकात आहेत तसे परत देशील का? त्या काळी आम्हा लोकांना प्रत्येक टिंबाचा वेगळा खिळा लावावा लागे, ते उगाच लावलेलं नाही.'

तिने त्याच रात्री सगळे अनुस्वार परत दिले, वर विचारलं की 'तुपांत'ला टिंब आहे मग 'तूप'ला का नाही. काकांनी सप्तमीचा अनुस्वार, नपुंसकलिंगाचा अनुस्वार, सगळं समजावलं, दोन दिवस ग्रुपवर तेच चाललं होतं आणि बाकीचे वाचत होते.

ठरलं: नवीन माणसाचं पहिलं काम कोणीही थेट उलटवायचं नाही. आधी काय चांगलं झालंय ते नेमकं सांगायचं (नुसतं 'छान' नाही), मग पानाचं चित्र दाखवायचं, आणि दुरुस्ती त्याच्याच हातून करून घ्यायची.

२३ मार्च

हा आठवडा कायम लक्षात राहील. भातांच्या प्रकरणात ओसीआरने एके ठिकाणी 'एक चिमटें तांदूळ' असं काढलं होतं, पुण्याच्या आयटीतल्या मुलाने ते तसंच ठेवून पान पिवळं केलं. स्कॅनमध्ये शाई पसरलीय, प आणि म मधला फरक कळत नाही, त्याची काहीच चूक नाही. साताऱ्याच्या मावशी तोवर ग्रुपवर फक्त वाचत होत्या, टायपिंग जमत नाही म्हणून एकही पान केलं नव्हतं. त्यांचा व्हॉइस मेसेज आला:

'अरे बाळा, ते चिपटं आहे, चिमटं नव्हे. चिमटीभर तांदळात कोणाचं पोट भरायचं?'

'मावशी, चिपटं म्हणजे किती ग्रॅम?'

'ग्रॅम नाही रे, ते वजन नाहीच, ते माप. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. माझ्याकडे आहे अजून, थांब फोटो पाठवते.'

आणि फोटो आला, पितळी चिपटं, शेजारी मापटं, दोन्ही घासून लख्ख केलेली. त्यानंतर जे झालं ते कुठल्याही कार्यशाळेत शिकवून झालं नसतं, म्हणजे जो तो आपापल्या पानावरचे अडलेले शब्द मावशींना विचारायला लागला. नवटाक, अदपाव, गुंज, मासा, तोळा. १९५८ पासून आपल्याकडे मेट्रिक वजनं आली, त्यामुळे आत्ताच्या विशी-तिशीतल्यांनी यातलं 'तोळा' सोडून काही ऐकलेलंच नसतं. मावशी दुपारी जेवणं आटोपली की ग्रुप उघडतात, कोणी काय विचारलंय बघतात आणि एकेकाला उत्तर देतात. टायपिंग नाही जमलं तरी त्या आता आमच्यातल्या सगळ्यात हजर सदस्य आहेत.

मिनेसोटा विद्यापीठाची मुव्हीलेन्स नावाची सिनेमांना रेटिंग द्यायची साइट आहे, तिच्यावर संशोधकांनी एक प्रयोग केला होता, २००४ मध्ये छापून आला. फारसं रेटिंग न देणाऱ्या सदस्यांना ईमेल पाठवले. काहींना सांगितलं की तुमची आवड इतरांपेक्षा वेगळी आहे, तुम्ही दिलेलं रेटिंग दुसरं कोणी देऊ शकणार नाही, तर त्या लोकांनी जास्त रेटिंग दिली. उलट, रेटिंग दिल्याने तुमचा आणि इतरांचा काय फायदा होतो हे ज्यांना समजावून सांगितलं त्यांचं काम कमी झालं. संशोधकांनाही हे अपेक्षित नव्हतं. मला मावशींचं बघून ते पटतंय. 'मराठी वाचवायचीय, सर्वांनी हातभार लावा' हे वाक्य ग्रुपवर आता टाकायचं नाही. ज्याला जे येतं ते त्याला नाव घेऊन विचारायचं.

३० मार्च, पाडवा

आज काम नाही. न्यूजर्सीच्या ताईंनी पुस्तकातल्या कृतीप्रमाणे श्रीखंड केलं आणि फोटो टाकला, चक्का रात्रभर टांगून ठेवला होता म्हणे. ते पान मात्र अजून लाल आहे, त्यांनी स्कॅनवरूनच वाचून केलं. उद्या ते पान मीच करते म्हणाल्या.

१३ एप्रिल

आता जोड्या लावल्यात. एकाने पिवळं करायचं, दुसऱ्याने हिरवं, पुढच्या पानाला उलट. जोडी शक्यतो वेगळ्या गावांची आणि वेगळ्या वयाची: बडोद्याच्या ताई आणि पुण्याचा मुलगा, ठाण्याचे काका आणि नांदेडची मुलगी, इंदूरचे सर आणि न्यूजर्सीच्या ताई. मावशींना जोडी नाही, त्या सगळ्यांच्याच.

यात एक गोष्ट स्पष्ट दिसतेय. ज्या जोडीत पिवळं पान दोन-तीन दिवसांत हिरवं होतं ते दोघं पुढचं पान आपणहून उघडतात, सांगावं लागत नाही. जिथे पिवळं पान आठवडाभर तसंच पडून राहतं तिथे पहिला माणूस हळूहळू गार पडतो, आणि तो तसं बोलून दाखवत नाही, फक्त येणं कमी करतो. हे इतकं ठळक आहे की मी आता लाल पानं बघतच नाही, रोज रात्री पिवळ्या पानांची यादी बघते, आणि ज्याचं पान अडकलंय तिथे दुसऱ्या कोणाला तरी पाठवते किंवा स्वतः जाते. काम कमी झालं तरी चालेल पण केलेलं काम कोणी बघितलंच नाही असं कोणाला वाटायला नको.

टार्गेटही ठेवलं, पण प्रत्येकाचं वेगळं नाही. सगळ्यांचं मिळून एक: या पंधरवड्यात लोणची-मुरंबे प्रकरण पूर्ण. मुव्हीलेन्सच्याच त्या अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात 'जमेल तेवढं करा' यापेक्षा नेमका आकडा दिल्यावर लोकांनी जास्त काम केलं होतं, आणि गटाला मिळून दिलेलं उद्दिष्ट एकट्याला दिलेल्यापेक्षा भारी पडलं होतं. आपल्याकडे तर कैऱ्यांचा सीझन आहे, लोणच्याचं प्रकरण आत्ता नाही तर कधी करणार!

४ मे

परीक्षा, लग्नं, गावाला जाणं. शांतता आहे. ग्रुपवर 'कुठे गेले सगळे' असं लिहायचं नाही असं आम्ही काही जणांनी ठरवलंय, कारण जो नाही त्याला ते टोचतं आणि जो आहे त्याला वाटतं आपण मोजलेच जात नाही. त्याऐवजी बडोद्याच्या ताईंनी झालेल्या पानातली एक कृती रोज वाचून रेकॉर्ड करून टाकायला सुरुवात केलीय. प्रवासात ऐकता येते.

१८ मे

बॅज द्यायचे का यावर चर्चा. विकिपीडियावर बार्नस्टार देतात, म्हणजे कोणीही सदस्य दुसऱ्या सदस्याच्या चर्चा पानावर कौतुक म्हणून एक तारा लावतो, पैसे नाहीत, अधिकार नाहीत, काही नाही. न्यूयॉर्कमधल्या दोन समाजशास्त्रज्ञांनी, मायकल रेस्टिवो आणि आर्नाउट व्हॅन दे राइट यांनी, सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून चिठ्ठी टाकल्यासारखे काही जण निवडले आणि त्यांना असे तारे दिले, २०१२ मध्ये त्यांनी छापलं की तारा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त भरलं. जर्मन विकिपीडियावर संशोधक याना गॅलस यांनी नवख्यांना छोटे सन्मान दिले तर पुढच्या महिन्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांनी वाढलं.

म्हणजे उपयोग होतो, नाही असं नाही. पण इंदूरच्या सरांचा मुद्दा मला पटला. ते म्हणाले, 'मॅडम, सर्टिफिकेट माझ्याकडे फाईल भरून आहेत, मी नोकरीत होतो तेव्हाची. मला काकांनी परवा लिहिलं की तुमच्या पानात मला एकही चूक सापडली नाही, मी दोनदा शोधली. ते मी बायकोला वाचून दाखवलं.' तर आम्ही तारे लावू, पण प्रत्येक ताऱ्याखाली कुठल्या पानावरची कुठली गोष्ट आवडली हे लिहायचं आणि ते ज्याने ते पान तपासलं त्यानेच लिहायचं. सगळ्यांना एकच मजकूर कॉपी-पेस्ट करायचा नाही.

२२ जून

पहिला मोठा वाद, आणि चांगला वाद. पुण्याच्या मुलाचं आणि आणखी काहींचं म्हणणं की चिपटं, मापटं, शेर यांच्या पुढे ग्रॅम लिहावेत, नाहीतर आजच्या माणसाला पुस्तकाचा उपयोग काय. काकांचं म्हणणं की मूळ मजकुरात एक अक्षर घालायचं नाही. मावशींनी तिसराच मुद्दा काढला: चिपटं तांदळाचं वेगळं भरतं, डाळीचं वेगळं, रव्याचं वेगळं, तुम्ही ग्रॅम लिहिणार कुठला? वजनाच्या शेराचे ८० तोळे म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम हे सांगता येतं, पण मापाचा शेर निराळा आणि तोही गावोगाव सारखा नव्हता.

हे मी एकटीने ठरवून मोकळी होऊ शकले असते, ॲडमिन मी आहे. पण याच आठवड्यात आमचे एक सदस्य वारीला गेलेत (१९ ला आळंदीहून प्रस्थान झालं), आणि त्यांनी मागे एकदा सांगितलेलं आठवलं. माउलींच्या पालखीत मुक्कामाला समाजआरती होते, सगळ्या दिंड्या उभ्या असतात, चोपदार शांत व्हायला सांगतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवणं थांबवत नाही. मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात, निवाडा होतो, टाळ थांबतात आणि मगच आरती पुढे सरकते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावून दिली, एवढे हजारो लोक, प्रत्येक दिंडीचा क्रम आणि जागा ठरलेली, आणि कोणालाही सगळ्यांसमोर टाळ वाजवत राहायचा हक्क. मॅकमिलन आणि चाविस या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये समूहाच्या आपलेपणाचे चार घटक मांडले त्यातला एक हाच, की गटावर आपलाही काही प्रभाव पडतो असं माणसाला वाटलं पाहिजे. वारकऱ्यांना ते कोणी शिकवायला गेलं नव्हतं.

तर ग्रुपवर टाळ हा शब्द रूढ झालाय. कोणी 'टाळ' लिहिलं की बाकी विषय थांबवायचे आणि त्याचं पूर्ण ऐकायचं. ग्रॅमचा निर्णय असा लागला: मूळ मजकूर जसाच्या तसा, मापांचं वेगळं कोष्टक चर्चा पानावर. कोष्टक मावशी सांगणार, पुण्याचा मुलगा लिहिणार, आणि घरी खरं चिपटं घेऊन तांदूळ, तूरडाळ, रवा वेगवेगळे भरून किचनच्या काट्यावर मोजणार. ज्याचं म्हणणं मान्य झालं नाही तोच आता कोष्टकामागे सगळ्यात जास्त लागलाय.

१३ जुलै

एकादशी झाली, वारकरी सदस्य परत आले, येताच तीन पानं हिरवी केली.

काही जण गळले. ज्यांच्याशी बोलणं होऊ शकलं त्यांना फोन केला, परत या म्हणायला नाही, कसे आहात विचारायला. एकीला बाळ झालंय. एकाची बदली झाली. एकाने सरळ सांगितलं की मला जुन्या पुस्तकांत रस नाही, मैत्रिणीने सांगितलं म्हणून आलो होतो. यात वाईट काही नाही. संस्थांचा अभ्यास करणारे जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले होते, ओढ वाटते म्हणून राहणं, राहायलाच हवं असं कर्तव्य वाटतं म्हणून राहणं, आणि सोडलं तर नुकसान होईल म्हणून राहणं. नोकरीत तिसरा प्रकार खूप चालतो. आमच्याकडे पगार नाही, बढती नाही, सोडणाऱ्याचं काहीच जात नाही, त्यामुळे पहिल्या दोनांवरच सगळं उभं आहे, आणि दुसऱ्याचा जास्त वापर केला, म्हणजे 'मराठी माणूस असून तुम्ही' वगैरे, तर माणूस एकदा येतो आणि मग ग्रुप म्यूट करतो. मी तरी ते कधीच वापरणार नाही.

जाणाऱ्यासाठी एक सोय केलीय. त्याची अर्धी राहिलेली पानं जोडीदाराकडे, आणि त्याचं नाव प्रकल्पाच्या पानावर कायम. बाळ झालेल्या ताईने काल रात्री अडीच वाजता दोन ओळी दुरुस्त केल्या.

३ ऑगस्ट

गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढायचा का? काहींचं म्हणणं की पाऊस, नातवंडं, आजारपण, सिनेमे यात पानांचे प्रश्न हरवतात. ऑनलाइन गटांचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट क्राउट वगैरे मंडळींनी यावर बरंच लिहिलंय की माणूस गटाशी दोन वाटांनी जोडला जातो, एक कामाच्या आणि 'मी या गटाचा' या भावनेच्या धाग्याने, दुसरी तिथल्या माणसांच्या मैत्रीने. मैत्रीवरच उभा असलेला गट असेल तर दोन-चार मित्र गेले की बाकीचेही जातात, आणि नवीन माणसाला आत शिरायला वाट सापडत नाही. नुसत्या कामावर उभा असलेला गट माणसं बदलली तरी चालतो पण तिथे सुखदुःख कोणी विचारत नाही. म्हणून दोन ग्रुप केले, पानांचा आणि ओट्यावरचा. 'ओटा' हे नाव मावशींनी दिलं. नवीन माणसाला आधी पानांच्या ग्रुपवर घ्यायचं, पहिलं पान हिरवं झालं की ओट्यावर बोलवायचं.

मला यात एकच राखायचंय, ओट्यावर ठरलेली कुठलीही गोष्ट पानांच्या ग्रुपवर पुन्हा मांडल्याशिवाय पक्की धरायची नाही. नाहीतर जुन्यांचं राज्य होतं.

२४ ऑगस्ट

गणपती तीन दिवसांवर आलेत. मोदकांचं पान मुद्दाम राखून ठेवलं होतं, ते काल हिरवं झालं, पिवळं नांदेडच्या मुलीने केलं आणि हिरवं फेब्रुवारीनंतर आलेल्या एका नवीन सदस्याने, ज्याला तिनेच 'दुसऱ्या'मधला ऱ्य कसा टाइप करायचा ते व्हिडिओ कॉलवर शिकवलं होतं. त्यानेही सुरुवातीला अनुस्वार पुसले होते. तिने त्याला लिहिलेला मेसेज मी वाचला, शब्द तिचे स्वतःचे आहेत पण क्रम काकांचाच, आधी काय चांगलं झालं, मग चित्र, मग विनंती.

थोडी पिवळी पानं उरलीत, मुख्यतः कोष्टकांची, त्यात रकाने आहेत म्हणून लोक टाळतायत. ती पुण्याचा मुलगा आणि बडोद्याच्या ताई गणपतीनंतर बसून करणार. मापांचं कोष्टक तयार आहे, तांदळाचं, डाळीचं, रव्याचं वेगवेगळं.

पुढच्या पुस्तकासाठी मतदान झालं, जात्यावरच्या ओव्यांचा एक जुना संग्रह निवडून आला, शेतीच्या जुन्या मासिकाला थोडी मतं कमी पडली. मासिकवाल्या इंदूरच्या सरांनी टाळ लावलाय की कॉपीराइट नीट बघितला का, संपादकाच्या निधनाचं साल आधी पक्कं करा. बरोबर आहे, ते झाल्याशिवाय स्कॅनिंग सुरू करायचं नाही. साल शोधायचं काम काकांनी घेतलंय, वाचनालयाशी वारकरी सदस्य बोलतील, अनुक्रमणिका पान आणि नवीन लोकांच्या जोड्या या वेळी नांदेडची मुलगी लावणार, मी फक्त फाइल्स चढवून देणार.